घराच्या मापाची शेगडी

सोलापूर, बार्शी, सांगली, कोल्हापूर या भागांतील जुन्या व्यापारी वाड्यांमध्ये न्हाणीघराच्या दाराशी तांब्याचा मोठा बंब असे. पंधरा-वीस माणसांच्या एकत्र कुटुंबाला पहाटेपासून गरम पाणी पुरविण्याचे काम तो बिनबोभाट करी. पुढे कुटुंबे विभागली, मुले पुण्या-मुंबईस गेली, वाड्यात दोन वृद्ध माणसे उरली; तरी बंब तोच राहिला, आणि दोन बादल्या पाण्यासाठी टोपलीभर ढलप्या जळत राहिल्या. त्या बंबात दोष कोणताच नव्हता. फक्त त्याचे माप आता त्या घराचे राहिले नव्हते.

हाच प्रश्न आज या घराण्यांतील पुढच्या पिढीसमोर हजारो मैलांवर, निराळ्या रूपाने उभा राहतो. मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट या अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत नोकरी-व्यवसायानिमित्त स्थिरावलेली मुले गावाबाहेर स्वतःचे घर घेतात. घर बहुधा लाकडी सांगाड्याचे, तळघरात तेलावर चालणारी भट्टी, आणि बैठकीच्या खोलीत एक जुनी, उघडी, दिसायला देखणी विटांची आगोटी. पहिल्या हिवाळ्यातील तेलाचे बिल पाहिले की लाकडाच्या बंदिस्त शेगडीचा विचार घरात सुरू होतो. मुलगा फोनवर सहज विषय काढतो आणि वडील तत्परतेने सांगतात, "घेतोच आहेस तर मोठी घे. थंडीत कमी नको पडायला." या सल्ल्यामागे माया आहे. परंतु लाकडाच्या शेगडीच्या बाबतीत हा सल्ला चुकीचा आहे, आणि ती चूक पैशापुरती मर्यादित राहत नाही.

शेगडी मुळात हवी कशाला, हे आधी पाहिले पाहिजे. तेलाची भट्टी तेलावर चालत असली तरी तिचा पंप व पंखा विजेवरच चालतो. डिसेंबर २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर परिसरात हिमवर्षावाऐवजी गोठणारा पाऊस पडला; झाडांवर व तारांवर बर्फाचे जाड थर चढले, फांद्या मोडून तारांवर कोसळल्या आणि लाखो घरांची वीज गेली. काही ठिकाणी ती परत येण्यास दोन आठवड्यांच्या आसपास काळ लागला. तळघरात तेल भरलेले असूनही घर गार पडते आणि नळातील पाणी गोठून नळ फुटू लागतात, तेव्हा विजेशिवाय चालणारी एक शेगडी घर तगवून धरते. (लाकडाच्या भुशाच्या गोळ्या जाळणारी पेलेट शेगडीही बाजारात मिळते, ती सोयीची खरी, पण तिला वीज लागते, हे विक्रेता नेहमीच आपणहून सांगतो असे नाही.) असे असताना मोठी शेगडी अधिक सुरक्षित, असे वाटणे स्वाभाविक आहे.

येथे लाकूड जळते कसे, हे समजून घ्यावे लागते. लाकडाची उष्णता केवळ निखाऱ्यात नसते. लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू व धूर बाहेर पडतात आणि लाकडातील निम्म्याहून अधिक उष्णता या वायूंत असते. ते नीट पेटण्यास सुमारे ६०० अंश सेल्सियस तापमान आणि भरपूर हवा लागते. शेगडी गरजेहून मोठी असेल तर तासाभरात खोली असह्य तापते. मग घरातले काय करतात? हवेची झडप ओढून घेतात. जाळ मंदावतो, शेगडीच्या पोटातील तापमान उतरते, वायू न जळताच धुराड्यात शिरतात आणि वर गार भिंतीला लागून डांबरासारख्या चिकट काळ्या थराच्या रूपाने साचतात. या थरास क्रिओसोट म्हणतात. तो स्वतः उत्तम ज्वलनशील असतो. एखाद्या रात्री जाळ जरा मोठा झाला की धुराडे आतून पेटते. तेथील तापमान १००० अंशांच्या पुढे जाऊ शकते, आणि सभोवार घराचा सांगाडा लाकडी असतो. दगडविटांच्या वाड्यात वाढलेल्या माणसाच्या हे चटकन ध्यानात येत नाही.

अमेरिकेने हा धडा एका संपूर्ण पिढीच्या खर्चाने घेतला आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर ईशान्येकडील राज्यांत लाकडाच्या शेगड्यांना मोठी मागणी आली. त्या काळातील बंदिस्त शेगड्या भरपूर लाकूड घेत आणि झडप मिटली की रात्रभर धुमसत. 'रात्रभर जळते' हे त्यांचे भूषण मानले जाई. वस्तुतः ती जळत नव्हती, धुरत होती. धुराडी पेटण्याच्या घटना वाढल्या, दऱ्याखोऱ्यांतील गावांवर हिवाळाभर धुराचे छत राहू लागले आणि अखेर १९८८ मध्ये तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने नव्या शेगड्यांच्या धुरावर मर्यादा घातली. आरंभीच्या नियमांत साध्या शेगडीस ताशी ७.५ ग्रॅमपर्यंत सूक्ष्म कण सोडण्याची मुभा होती. मे २०२० पासून ती मर्यादा चाचणीच्या पद्धतीनुसार २ किंवा २.५ ग्रॅम आहे. मात्र हा आकडा चाचणीच्या परिस्थितीतील असतो. नव्यातली नवी शेगडीही वारंवार गळा दाबून चालविली तर जुन्यासारखीच धुरते.

मग माप ठरवायचे कसे? माहितीपत्रकावर '२२०० चौरस फुटांपर्यंत' अशा स्वरूपाचा आकडा छापलेला असतो. त्यावर विसंबणे म्हणजे अर्जदाराने स्वतःच भरलेल्या उलाढालीच्या आकड्यावर कर्ज मंजूर करणे होय. कोणत्या हवामानातील घर, छताची उंची किती, भिंतींत उष्णता रोखणारे अस्तर आहे की पोकळी, खिडक्या एका काचेच्या की दोन, यांपैकी काहीच तो आकडा सांगत नाही. एकाच गल्लीतील, एकाच क्षेत्रफळाच्या दोन घरांची गरज दुप्पट-तिप्पट वेगळी असू शकते.

व्यापारी घराण्यातील मुलाला याहून चांगला पुरावा घरातच उपलब्ध असतो, तो म्हणजे मागील हिवाळ्याचे तेलाचे बिल. समजा, न्यू हॅम्पशायरमधील १५०० चौरस फुटांच्या एका घरात जानेवारी महिन्यात १३० गॅलन तेल जळले. एका गॅलन तेलात सुमारे ४०.६ युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, उष्णता असते. भट्टीची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर घराला प्रत्यक्षात साधारण ३४.५ युनिट मिळतात. १३० गॅलनचे झाले जवळपास ४४८५ युनिट. जानेवारीचे तास ७४४. भागाकार केला की उत्तर येते ६ किलोवॅट. त्या घराची जानेवारीतील सरासरी गरज एवढी. स्नानाचे पाणी त्याच भट्टीवर तापत असेल तर उन्हाळ्यातील एका महिन्याचे तेल यातून वजा करावे. विक्रेता बीटीयूच्या भाषेत बोलेल. एक किलोवॅट म्हणजे ताशी ३४१२ बीटीयू, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

आता शेगडीची बाजू. तिची खरी क्षमता तिच्या पोटाच्या घनफळावर ठरते. दोन घनफूट पोटाच्या मध्यम शेगडीत ओक किंवा मेपलसारखे कठीण, वाळलेले लाकूड व्यवहारात १४ किलोच्या आसपास मावते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत सुमारे ४ युनिट उष्णता असते, म्हणजे एका भरणात ५६ युनिट. शेगडीची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर घरात येतात ३९ युनिट. हे भरण सात तास चालले तर ताशी सरासरी साडेपाच किलोवॅटहून थोडे अधिक मिळते. सहाच्या गरजेला हे माप जवळजवळ बरोबर बसते.

येथे वडिलांची शंका रास्त आहे, की जानेवारीची सरासरी ठीक, पण उणे १८ अंशांच्या रात्री काय? त्या भागात जानेवारीचे सरासरी तापमान उणे ६ च्या आसपास असते. आत २० अंश हवे असतील तर सरासरी फरक २६ अंशांचा. कडाक्याच्या रात्री तो ३८ अंशांचा होतो. त्या प्रमाणात गरज ६ वरून पावणेनऊ किलोवॅटवर जाते. तीच मध्यम शेगडी त्या रात्री सातऐवजी साडेचार तासांनी भरली, तर जवळपास तेवढी उष्णता देते. एका माणसाला मध्यरात्री एकदा उठावे लागेल, किंवा तळघरातील भट्टीने थोडा हातभार लावावा लागेल. अशा रात्री हंगामात मोजक्याच येतात.

आता हीच रात्र डोळ्यांसमोर ठेवून साडेतीन घनफुटांची शेगडी घेतली असे धरू. तिच्या एका भरणात २४ किलो लाकूड बसते आणि घरात ६७ युनिट उष्णता येते. ऑक्टोबरअखेर किंवा एप्रिलमध्ये बाहेर ८ अंश असतात, तेव्हा घराची गरज उणीपुरी पावणेतीन किलोवॅट असते. म्हणजे हे भरण चोवीस तास पुरवावे लागेल. साध्या शेगडीत लाकूड स्वच्छपणे इतके हळू जळतच नाही. ते फक्त धुमसते. मोजक्या रात्रींसाठी घेतलेली शेगडी उरलेला हंगामभर धुराड्यात डांबर साठवीत राहते. दिवाळीच्या मालासाठी बारमाही गोदाम भाड्याने घेऊ नये, हे पेढीवर बसणाऱ्यास सांगावे लागत नाही. खेळत्या भांडवलाच्या कर्जाचेही तसेच आहे. गरजेहून कमी दिले तर धंदा अडतो, पण गरजेहून अधिक दिलेला पैसाही नको त्या जागी मुरतो, आणि हे दुसरे दुखणे उशिरा उघडकीस येते.

उत्प्रेरक बसविलेल्या शेगड्या, ज्यांना कॅटॅलिटिक म्हणतात, त्या या नियमाला काही अंशी अपवाद आहेत. त्यांतील उत्प्रेरक धुराला बऱ्याच कमी तापमानावर पेटवितो, त्यामुळे त्या मंद आचेवर दीर्घकाळ स्वच्छ जळू शकतात. किंमत अधिक, आणि उत्प्रेरक काही वर्षांनी बदलावा लागतो. ज्यांचे घर मोठे आहे आणि हवामानात चढउतार फार, त्यांनी त्यांचा विचार जरूर करावा.

याचा अर्थ सर्वांत लहान शेगडी घ्यावी असा नव्हे. फार लहान शेगडी घराला पुरत नाही, म्हणून ती सतत पूर्ण झडप उघडून पेटवली जाते. लोखंड लालबुंद होते, सांधे सैल पडतात, आतील पत्रे वाकतात. शिवाय पोट लहान, म्हणून लाकडाचे तुकडेही आखूड लागतात आणि निखारे पहाटेपर्यंत टिकत नाहीत. वीज गेलेल्या आठवड्यात दर दोन तासांनी उठणारे घर चौथ्या रात्री थकून झोपी जाते. सर्वसाधारणपणे दीड घनफुटांखालील शेगडी एखाद-दोन खोल्यांना, दीड ते अडीच घनफुटांची मध्यम घराला आणि त्याहून मोठी ही जुन्या, वारा शिरणाऱ्या प्रशस्त घरांना, असा अंदाज बांधता येतो. परंतु बिलाचा भागाकार या अंदाजाहून भरवशाचा.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांचे गणित निराळे. तेथे शेगडी बहुधा एकाच खोलीसाठी घेतली जाते आणि ढोबळ नियम असा, की खोलीच्या घनमीटरला १४ ने भागावे. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच खोलीला साडेतीन किलोवॅट पुरतात. त्या खोलीत आठ किलोवॅटची शेगडी ठेवणारे लोक डिसेंबरात खिडक्या उघड्या टाकून बसलेले आढळतात. अनेक शहरांत धूरनियंत्रण क्षेत्रे असल्याने मान्यताप्राप्त शेगडीच लागते.

माप जमले तरी शेगडी ठेवायची कोठे, यावर निम्मे यश अवलंबून असते. शेगडी ही भट्टी नव्हे. ती ज्या खोलीत असते ती खोली आधी तापविते आणि मग उष्णता जिन्याने वर चढते. तळघरात ठेवली तर काँक्रीटच्या भिंती व जमीन बरीचशी उष्णता गिळतात. कुटुंब दिवसाचा अधिक वेळ जेथे बसते तीच जागा योग्य. दूरच्या खोल्या गार राहत असतील तर शेगडीची गरम हवा तिकडे ढकलण्यापेक्षा, त्या खोलीच्या दारात जमिनीवर लहान पंखा ठेवून तेथील गार हवा शेगडीकडे लोटावी. गार हवेची जागा घेण्यास गरम हवा छताखालून आपोआप येते. पाच-पन्नास डॉलरच्या पंख्याने साधणाऱ्या या कामासाठी लोक मोठी शेगडी घेतात, हे खेदाने नमूद करावे लागते.

भिंतीपासूनचे अंतर शेगडीच्या पाठीवरील पट्टीवर छापलेले असते आणि ते तंतोतंत पाळावे. चाचणीची पट्टी नसलेल्या जुन्या शेगडीस चारही बाजूंनी ३६ इंच मोकळे ठेवावे लागते. म्हणून स्वस्तात मिळालेली जुनी, मोठी शेगडी अनेक घरांत बसतच नाही. जुन्या आगोटीचे रुंद धुराडे तसेच वापरणे हीही एक नेहमीची चूक. मध्यम शेगडीला बहुधा सहा इंच व्यासाची नळी पुरते. रुंद, गार धुराड्यात धूर रेंगाळतो, ओढ मंदावते आणि क्रिओसोट वाढते. त्या धुराड्यात पोलादी नळी आतून सोडून घ्यावी. धुराड्याचे तोंड छपरातून किमान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत जे काही असेल त्याहून दोन फूट उंच असावे. वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी, धूर व कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी यंत्रे, आणि नगरपालिकेचा परवाना, यांत तडजोड नको. घराच्या विमा कंपनीला शेगडीची लेखी कल्पना द्यावी. परवान्याविना बसविलेल्या शेगडीने आग लागली, तर दाव्याच्या वेळी काय प्रश्न विचारले जातील, हे विम्याचा व्यवहार केलेल्यास ठाऊक असते.

लाकडाच्या खरेदीत मात्र व्यापारी रक्त कामास यावे. तेथील माप कॉर्ड: चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब रचलेला ढीग, म्हणजे १२८ घनफूट. 'फेस कॉर्ड' या नावाने विकला जाणारा ढीग समोरून तेवढाच दिसतो, पण त्याची खोली बहुधा १६ इंच असते, म्हणजे माल एक तृतीयांश. गाडीतून नुसते ओतलेले लाकूड मोजू नये. रचल्यावर टेप लावावी. वर घेतलेल्या घराला पूर्ण हंगामास, केवळ लाकडावर राहायचे तर, चार ते पाच कॉर्ड ओक लागेल. ते वाळलेले हवे. ओलावा २० टक्क्यांखाली असावा, आणि तो ओंडका फोडून आतल्या ताज्या पृष्ठभागावर मोजावा. बाहेरून मोजलेला आकडा फसवा असतो. ओकला फोडून, रचून ठेवल्यावरही वाळण्यास दोन उन्हाळे लागू शकतात. म्हणजे या हिवाळ्याचे लाकूड दोन वर्षांपूर्वी घेतलेले असावे. ओले लाकूड योग्य मापाच्या शेगडीलाही धुरकट करते, कारण आचेचा काही भाग पाणी उकळण्यात खर्ची पडतो.

जैन घरात या लाकडाचा आणखी एक विचार होतो. सालीखाली मुंग्या, भुंगेरे, कोळी थंडीत निपचित असतात आणि ऊब मिळताच हलू लागतात. म्हणून रास जमिनीपासून उंच फळ्यांवर, घराच्या भिंतीपासून दूर, वरून झाकलेली व बाजूंनी मोकळी ठेवावी. कोरड्या, हवेशीर राशीत जीवजंतू कमी राहतात. लाकूड एका वेळचेच आत आणावे, बाहेरच आपटून, सुटलेली साल काढून, पाहून घ्यावे. जयणेचा हा परिपाठ तेथील वनखात्यांच्या सूचनेशीही जुळतो. २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळलेला एमराल्ड ॲश बोरर हा भुंगेरा जळाऊ लाकडातून राज्याराज्यांत पसरला आणि ॲशची असंख्य झाडे त्याने मारली. न्यूयॉर्क राज्यात तर प्रक्रिया न केलेले सरपण मूळ ठिकाणापासून ५० मैलांपलीकडे नेण्यास मनाई आहे. अग्नी पेटवायचाच, तर तो गरजेपुरता असावा, असे मानणाऱ्या घरात शेगडीचे माप हा हिशोबाइतकाच आचाराचाही विषय ठरतो.

खरेदीस उत्तम काळ उन्हाळ्याचा. ऑक्टोबरात बसविणारे कारागीर मिळत नाहीत. शेगडी बसल्यावर पहिल्याच दिवशी मोठा जाळ करू नये. ओतीव लोखंड हळूहळू तापावे आणि त्यावरील रंग पक्का व्हावा, म्हणून सुरुवातीचे दोन-तीन जाळ मुद्दाम लहान करतात. त्या वेळी रंगाचा उग्र वास सुटतो, थोडा धूरही होतो आणि धुराची सूचना देणारे यंत्र वाजण्याचा संभव असतो. घरात भारतातून आलेले आईवडील असतील तर त्यांना आधी सांगून ठेवावे, आणि तेवढा वेळ खिडक्या उघड्या ठेवाव्यात.